तुरीला भुंगा लागू नये म्हणून

तुरीत भुंगा कोठीत शिरतो असं वाटतं, पण पुष्कळदा तो शेतातूनच येतो. शेंगेवर घातलेली अंडी दाण्यासोबत घरात येतात, अळी दाणा आतून खाते, आणि गोल भोक दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

म्हणून आधी ऊन. एप्रिल-मेच्या विदर्भातल्या उन्हात तूर पातळ पसरून दोन-तीन दिवस वाळवा. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. गरम तूर लगेच भरू नका, वाफ धरून बुरशी येते. रात्रभर निवू द्या.

मग तेल. किलोला एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिली एरंडेल, हातावर घेऊन दाण्यादाण्याला चोळा. खरं काम हेच करतं: तेलाच्या थराखाली अंडी गुदमरतात. वरून ओतून ढवळलं तर अर्धी तूर कोरडीच राहते.

कडुनिंबाचा पाला सावलीत कुरकुरीत वाळवूनच घाला, ओला पाला दाणे काळे करतो. त्याच्या एकट्याच्या भरवशावर मात्र राहू नका. बिब्बे तर नकोच, त्यांच्या तेलाने अंगावर फोड येतात, आणि घरात लेकरं असतात.