१५ टक्क्यांच्या आतला डॅम्पर

द्रव-डॅम्परची, म्हणजे भूकंपात किंवा वाऱ्यात इमारतीचे हेलकावे शोषणाऱ्या तेलभरल्या नळकांड्याची, चाचणी पाहणाऱ्याला दट्ट्या पुढेमागे हलताना दिसतो. आमचा बराचसा दिवस मात्र वाट पाहण्यात जातो. शोषलेली ऊर्जा उष्णता होऊन सिलिकोन तेलात उतरते, आणि ते पूर्ववत थंड होण्याआधी पुढची फेरी घेतली तर आपण दुसऱ्याच डॅम्परची चाचणी घेत असतो.

त्या दिवशीच्या नमुन्याचा वेग-घातांक ०.३ होता, म्हणजे वेग दुप्पट झाला तरी बल जेमतेम २३ टक्क्यांनी वाढते. अशा डॅम्परचा बल-विस्थापन लूप, म्हणजे एका पूर्ण फेरीत बल आणि सरकलेले अंतर यांचा आलेखावर उमटणारा बंद वळसा, जवळजवळ आयताकृती यायला हवा. ±५० मिलिमीटर धाव आणि ०.५ हर्ट्झ वारंवारता, म्हणजे सेकंदाला सुमारे १५७ मिलिमीटर कमाल वेग, यावर आलेले बल अपेक्षित बलाच्या १५ टक्के कमी-जास्त या मर्यादेत आरामात बसले आणि उत्पादकाच्या प्रतिनिधीने कागद आवरायला घेतले. मला लूपचे दोन कोपरे खटकत होते. दिशा बदलल्यावर बल ताठ चढण्याऐवजी सुमारे ३ मिलिमीटर रेंगाळत, वळण घेत चढत होते.

डॅम्पर चौकटीला जोडणाऱ्या पिनमध्ये ढिलाई असेल, असे प्रतिनिधीचे म्हणणे होते, आणि ते सोयीचेही होते, कारण ढिलाईचा दोष आमच्या चौकटीवर ढकलता येतो. पण ढिलाईत बल शून्यावर सपाट राहून मग एकदम उसळते. तरीही शंका नको म्हणून डॅम्पर हलवणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरच्या मापकावर विसंबून न राहता आम्ही डॅम्परचा सिलिंडर आणि दांडा यांच्यामध्ये स्वतंत्र विस्थापनमापक बसवला. वळण जसेच्या तसे राहिले. तेलात हवा अडकली होती, आणि ती दाबली जाईपर्यंत पिस्टन फुकट चालत होता.

हवा थोड्याशा दाबातच आकसते, त्यामुळे वाया जाणारे अंतर लहानमोठ्या दोन्ही धावांत जवळपास तेवढेच राहते. मोठ्या भूकंपाच्या १०० मिलिमीटर धावेत ३ मिलिमीटर हरवून जातात. वाऱ्याने होणाऱ्या ±५ मिलिमीटरच्या हालचालीत मात्र तेच ३ मिलिमीटर धावेचा जवळजवळ तिसरा हिस्सा खातात. अहवालाच्या नमुन्यात कमाल बलाला रकाना आहे, लूपच्या आकाराला नाही; ज्यांनी तो नमुना ठरवला ते चाचणीयंत्राशेजारी कधी उभे राहिले असतील, असे वाटत नाही.

निर्वात पद्धतीने तेल पुन्हा भरल्यावर या नगाचे कोपरे सरळ झाले. पण खेपेतले उरलेले नग उत्पादकाने स्वतःच, केवळ कमाल बलावर, उत्तीर्ण करून टाकले आहेत. २०१८ मध्ये जपानमध्ये डॅम्परच्या चाचण्यांतील आकडे फिरवल्याचे उघडकीस आले, तेव्हा दोष कोणाचा हे तरी सांगता येत होते. इथे एकही आकडा खोटा नाही, आणि म्हणूनच तक्रार नेमकी कशाची करावी हे मला अजून नीट मांडता आलेले नाही.

शेऱ्यासोबत मी ±५ मिलिमीटरचे लूप जोडले आणि संपूर्ण खेपेची त्याच धावेला चाचणी मागितली. संरचना-अभियंत्यांनी होकार दिला आहे. खर्च कोणी करायचा, यावर पत्रव्यवहार चालू आहे.