शेवटचं नाव कुणाचं?

पीएचडी संपवून पोस्टडॉकला (म्हणजे दुसऱ्या कुणाच्या लॅबमध्ये काही वर्षं संशोधन करायला) निघालेली मुलं हमखास विचारतात, "मॅडम, गाईडच्या सावलीतून बाहेर कसं पडायचं? स्वतःचा ग्रुप चालवायला जमेल का?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी जीवशास्त्रातली, त्यामुळे उदाहरणं तिथलीच.

आमच्या पेपरवर पहिलं नाव बहुतेक काम करणाऱ्याचं, शेवटचं लॅबप्रमुखाचं. (गणितवाल्यांचं बरं, ते वर्णानुक्रम लावून मोकळे होतात.) तुमच्या प्रत्येक पेपरवर शेवटी तेच एक नाव असलं, तर फॅकल्टीच्या मुलाखतीत समिती सरळ अर्थ काढते: प्रश्न गाईडचे, हात हिचे. हे दर वेळी खरं नसतं, पण काढतात. म्हणून गाईडचं नाव नसलेला, तुम्ही स्वतः करस्पॉन्डिंग ऑथर (पेपरची जबाबदारी आणि पत्रव्यवहार सांभाळणारा लेखक) असलेला एखादा पेपर हवा. छोटा असला तरी चालेल.

त्याहून अवघड काम म्हणजे पोस्टडॉकच्या बॉसशी वाटणी. निघायच्या बरंच आधी तोंडावर विचारा, यातला कोणता प्रश्न मी नेऊ, कुठले स्ट्रेन (प्रयोगातल्या जीवांचे वाण), कुठला डेटा? आपल्याकडे असं विचारणं उद्धटपणाचं वाटतं. मग पुढे दोन्ही लॅब एकाच प्रश्नावर धावतात, आणि मोठी लॅब आधी पोचते. जे ठरेल ते ईमेलवर येऊ द्या.

पोस्टडॉक संपवून भारतात परत आल्यावर पैशांचा हिशेब प्रश्नाला आकार देतो. इन्स्पायर फॅकल्टी या केंद्र सरकारच्या फेलोशिपमध्ये 5 वर्षं पगार मिळतो, संशोधनाला वर्षाला 7 लाख. त्यात मोठं यंत्र येत नाही. तेव्हा संस्थेच्या सामाईक यंत्रांवर भागेल असाच प्रश्न निवडा. नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ, म्हणजे पीएचडीची फेलोशिप (महिना 37,000), घेऊन येणारी मुलं बहुधा नावाजलेल्या गाईडकडे जातात. तुमच्या वाट्याला आलेल्या पहिल्या विद्यार्थ्याला मात्र रोज बेंचवर तुम्हीच शिकवायचं, आणि पेपरवर नावं कोणत्या क्रमानं येणार हे प्रयोग सुरू होतानाच बोलून टाकायचं. ग्रुपमधली बहुतेक भांडणं याच गोष्टीवरून होतात, असं माझं मत आहे.

आमच्या लॅब मीटिंगमध्ये फसलेला प्रयोग आधी मांडायचा. सुरुवातीला सगळे घुटमळायचे. आता जुनी मुलंच नव्यांना धरतात, "कंट्रोल लावला होतास का?" (म्हणजे तुलनेसाठीचा नमुना). मी मधे पडत नाही. तेवढ्यात ग्रँटचं युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसे कुठे खर्च झाले याचा दाखला) तरी भरून होतं.