नांगी गळाली की उपटली?

जिवंत खेकड्यांच्या लॉटमध्ये नांगी नसलेले थोडेफार नग निघतातच. त्या दिवशी खाडीपट्ट्यातून आलेल्या एका लॉटमध्ये मात्र दर तीन-चार नरांमागे एकाची नांगी गायब होती. माल घेऊन आलेल्या एजंटाचं म्हणणं एकच: "खेकडा घाबरला की नांगी टाकतोच. त्याला कुठे दुखतंय?" यातला पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे, म्हणून त्याच्या आधाराने दुसराही खपून जातो.

आमच्या केंद्रावर माल उतरला की वजन, नर-मादी आणि भरीव-पोकळ अशी निवड होते. कात टाकून नुकताच बाहेर आलेला खेकडा वजनाला बरा वाटतो, पण आत पाणी असतं. खालच्या बाजूने पायांच्या बुडापाशी अंगठ्याने दाबलं आणि कवच दबलं, की तो नग पोसायला तळ्यात जातो, तीन-चार आठवडे. लाखेच्या, म्हणजे पोटात अंडी भरलेल्या, माद्या वेगळ्या होतात. हे सगळं हात सरावल्यावर झटपट उरकतं. नांगी तुटलेल्या नगाला मात्र वेळ द्यावा लागतो, आणि बहुतेक केंद्रांवर तो कोणी देत नाही. 'एक नांगी' म्हणून सरसकट दर पाडतात आणि क्रेट पुढे सरकवतात.

खरं तर तुटलेला बुंधाच सगळं सांगतो. नांगीच्या आणि प्रत्येक पायाच्या बुडापाशी, अंगाला लागून असलेल्या पेरावर, कवचात एक बारीक खाच गोल फिरलेली असते. पुढे कुठे जबर इजा झाली, म्हणजे नांगीचं बोट मोडलं, पेर चेचलं, चटका बसला, की बुडातला एक स्नायू जोरात आखडतो आणि नांगी नेमकी त्या खाचेवर निखळते. खाचेच्या आत आडवा पडदा असतो. त्यात नस आणि रक्तवाहिनी जाण्यापुरतंच छिद्र असतं आणि नांगी गळताच ते मिटतं. म्हणून स्वतः टाकलेल्या नांगीचा बुंधा सपाट, कोरडा दिसतो, रक्त जवळजवळ नाहीच. पुढे त्यावर काळपट खपली धरते, तिच्याखाली कोंब येतो आणि पुढची कात टाकताना तो लहानशा नांगीच्या रूपात उलगडतो. पूर्ण आकार यायला आणखी काही काती जातात.

उपटलेली नांगी अशी तुटत नाही. सांधाच फाटतो, स्नायूंचे पांढरे तंतू लोंबतात आणि रक्त ठिबकत राहतं. खेकड्याचं रक्त लाल नसतं. त्यात तांबं असल्यामुळे हवा लागली की ते निळसर झाक धरतं आणि क्रेटच्या तळाशी जेलीसारखं साकळतं. हा चिकटा दिसला की वरचा एक ना एक नग उपटलेला आहे हे समजावं.

त्या लॉटमधले बहुतेक बुंधे सपाट होते. म्हणजे एजंट खरं बोलत होता? पोती झटकली तेव्हा गळालेल्या नांग्या खाली पडल्या. काही तर खेकड्यापासून सुटूनही सुतळीच्या गाठीत तशाच अडकून राहिल्या होत्या. जवळपास प्रत्येक नांगीचं हलतं बोट टोकाकडून मोडलेलं होतं, आणि ते बहुतेक उजव्या नांगीचं. खाडीतल्या या खेकड्याची शिंपले फोडायची जाड नांगी सहसा उजवी असते आणि चावा बसतो तो तिचाच. बांधताना चावू नये म्हणून कोणीतरी पक्कड लावून बोटं मोडली होती. खेकड्यांनी नांग्या टाकल्या त्या या इजेमुळे. 'आपोआप गळाल्या' म्हणणं म्हणजे स्वतःच्या आळसाचं खापर खेकड्याच्या स्वभावावर फोडणं.

नीट बांधायला पक्कड लागतच नाही. खेकडा मागून, शेवटच्या पोहायच्या पायांच्या मध्ये कवचावर धरायचा, पायाने किंवा लाकडी पट्टीने हलकेच दाबून ठेवायचा, दोन्ही नांग्या पुढून तोंडाशी दुमडायच्या आणि ओली सुतळी नांग्यांच्या बाहेरून आडवी-उभी घ्यायची. सुतळी सांध्याच्या खोबणीत रुतता कामा नये. पुढे ओलं गोणपाट आणि भोकं पाडलेली पेटी. तापमान 16 ते 20 अंशांच्या आसपास ठेवायचं, बर्फ थेट अंगावर नाही, वितळलेलं गोडं पाणीही नाही. कल्ले ओले राहिले की दणकट खेकडा पाण्याबाहेर चार-पाच दिवस सहज काढतो.

मला अजून सोडत नाही तो त्या लॉटमधला एक उपटलेला नर. सातशे ग्रॅमच्या वरचा, उजवा सांधा फाटलेला. सपाट बुंध्याचे नग टबात शांत बसले होते. हा मात्र पुढचा पाय वाकवून पुन्हापुन्हा जखमेपाशी नेत होता, आणि त्या बाजूने हात जवळ आला की उरलेली नांगी वळवून आड धरत होता. दुसऱ्या बाजूने हात नेला तर नेहमीसारखा नांगी उगारून अंगावर यायचा.

नांगी गळणं ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. तेवढ्यावरून दुखतं असं म्हणता येत नाही, हे मला मान्य आहे. पण जखम जपणं हा प्रकार वेगळा. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रॉबर्ट एलवुड यांनी याच प्रश्नावर, खेकड्याला दुखतं का यावर, बरीच वर्षं काम केलं. 2013 साली त्यांच्या प्रयोगात 90 किनारी खेकड्यांना लख्ख उजेडात दोन अंधारे आडोसे दिले होते. एका आडोशात विजेचा झटका बसे. दोनदा झटका खाल्ल्यावर बहुतेक खेकड्यांनी तो आडोसा सोडला. केवळ प्रतिक्षिप्त क्रिया असती तर खेकडा दर वेळी दचकला असता आणि दर वेळी तिथेच गेला असता. त्याआधी 2008 मध्ये कोळंबीच्या एका मिशीला आम्ल लावलं तर ती तीच मिशी चोळत बसते आणि बधिर करणारं औषध दिल्यावर चोळणं कमी होतं, असं याच गटाने दाखवलं. दुसऱ्या एका प्रयोगशाळेला 2010 मध्ये इतर जातींत आम्लाचा असा परिणाम दिसला नाही, म्हणून कोळंबीच्या त्या एका प्रयोगावर मी सगळा भार टाकत नाही. उत्तर युरोपात खाल्ल्या जाणाऱ्या तपकिरी खेकड्यांवरचं 2007 चं काम आमच्या धंद्याला सर्वांत जवळचं. तिथे नांगी उपटून खेकडा परत समुद्रात सोडायची पद्धत आहे. उपटलेल्या खेकड्यांच्या रक्तात ताणाच्या खुणा स्वतः नांगी टाकलेल्यांपेक्षा जास्त निघाल्या. जखम मोठी असेल तर मरही जास्त.

ब्रिटनने 2022 च्या कायद्यात खेकडे, शेवंडी, कोळंबी यांना संवेदनशील प्राणी मानलं, त्याची बातमी आपल्याकडेही झाली. आपल्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात तर 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव जीव. अन्नासाठी मारण्याला त्यात सूट आहे, पण अनावश्यक वेदना न देता. मासळीबाजारात हे कलम कोणी उच्चारलेलंही मी ऐकलेलं नाही.

फाटलेल्या सांध्याचा नग प्रवासाला पाठवत नाही, मारावा लागतो. तीन भाग बर्फ आणि एक भाग खारं पाणी यांच्या लगद्यात किमान वीस मिनिटं. पाय, पोटाची पट्टी, तोंडाचे भाग ओढले तरी काहीच हालचाल नाही, अशी खात्री झाल्यावर अणकुचीदार सळई दोन ठिकाणी: एकदा पुढे डोळ्यांमधल्या खळग्यात, एकदा पोटाची पट्टी उचलून तिच्याखालच्या मज्जागाठीत. खेकड्याच्या मज्जासंस्थेची ही दोन मोठी केंद्रं आहेत, एकच फोडून काम होत नाही. थेट उकळत्या पाण्यात टाकलेला खेकडा लगेच मरत नाही. तो पाय-नांग्या टाकतो आणि उघड्या सांध्यांतून पाणी शिरून मांस पाणचट होतं, हे खवय्यांनीही लक्षात घ्यावं.

त्या नराचं तसंच केलं. पावतीवर आता 'एक नांगी' असं लिहीत नाही. 'सपाट' आणि 'फाटका' असे दोन रकाने केलेत आणि तिसरा 'बोट मोडकं', ज्याचा दर पोकळ खेकड्याचा. एजंटाने पुष्कळ वाद घातला. पक्कड वापरतं कोण, बिळातून खेकडा काढणारा की पोत्यात भरणारा, हे त्याने अजून सांगितलेलं नाही.