मेणाची मेरिट लिस्ट

आमच्या गॅरेजमधल्या फळीवर सध्या गाडीच्या वॅक्सच्या पाच बाटल्या आणि एक डबा आहे, सगळं अर्धवट वापरलेलं. बायको म्हणते की लोणच्याच्या बरण्या ठेवायला जागा नाही आणि तुझं हे मेण मात्र ऐसपैस बसलंय. तिचं बरोबरच आहे. पण ह्या सहातल्या तीन मी मासिकातलं रेटिंग बघून घेतल्यात, आणि ते कसं झालं हे एकदा लिहून टाकावं असं बरेच दिवस मनात होतं.

इथे न्यू जर्सीत आपल्या लोकांत एक पद्धत आहे. माणूस नवीन आला, लायसन मिळालं, की कोणीतरी सीनियर त्याला सांगतो, लायब्ररीत जा, ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’चा (वस्तू तपासून गुण देणारं ग्राहकांचं मासिक) एप्रिलचा अंक काढ, त्यात गाड्यांचे ठिपके बघ. लाल ठिपका म्हणजे चांगलं, काळा म्हणजे वाईट (आता ती रंगसंगती बदललीय, पण आमच्या पिढीच्या डोक्यात लाल-काळंच बसलंय). मग तो माणूस कॅमरी नाहीतर अकॉर्ड घेतो आणि पुढच्या नवीन माणसाला तेच सांगतो. मी पण तसंच केलं, फक्त आमची सेकंड हँड सीआर-व्ही निघाली. रंग काळा. काळी गाडी घेऊ नकोस असं मला चार जणांनी सांगितलं होतं. पाचवा मी, आता तुम्हाला सांगतोय.

पहिल्याच वसंतात गाडीवर पिवळ्या परागांचा थर, त्यावर पक्ष्यांची कृपा, आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे डाग खालच्या बाजूला अजून तसेच. म्हटलं वॅक्स करू. दुकानात गेलो तर एक अख्खी भिंत वॅक्सची, पाच डॉलरपासून पन्नासपर्यंत, त्यामुळे सरळ लायब्ररी गाठली, जुने अंक काढले, वॅक्सचा तक्ता सापडला, सगळ्यात वरचं नाव फोनमध्ये टिपलं आणि घेऊन आलो. तक्ता वाचला नाही. वरचं नाव वाचलं.

रविवारी दुपारी भर उन्हात (ही पहिली चूक) जुन्या बनियनने (दुसरी, पण आमचे बाबा चेतक स्कूटर आयुष्यभर बनियननेच पुसत आले, त्यामुळे रक्तातच आहे) सगळ्या गाडीला चोपडलं, पत्र्याला आणि खालच्या काळ्या प्लास्टिकलाही. पत्रा झकास दिसला. प्लास्टिकवर मात्र पांढरे पट्टे उमटले, ओल्या भिंतीला मीठ फुटतं ना तसे, आणि धुतले तरी जाईनात. शेवटी कोणीतरी सांगितलं की पीनट बटर लाव, त्यातल्या तेलाने वॅक्स सुटतं. लावलं. खरंच निघालं, पण दोन दिवस गाडीला दाण्याच्या लाडवाचा वास येत होता आणि मुलगी शाळेत उतरताना काळजीने इकडे तिकडे बघायची, कारण तिच्या वर्गात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेलं एक पोर होतं.

मग परत लायब्ररीत जाऊन तक्ता नीट वाचला, तर त्यात प्लास्टिकसाठी वेगळा रकानाच होता! साफ किती करतं, टिकतं किती, चमक किती वाढते, रंगावर ओरखडे किंवा धुरकटपणा येतो का, प्लास्टिकला चालतं का, लावायला-पुसायला सोपं आहे का, ह्या सगळ्याचे वेगवेगळे ठिपके. मी आणलेल्या वॅक्सला प्लास्टिकच्या रकान्यात काही फार बरं मिळालेलं नव्हतं. म्हणजे मासिकाने सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं.

तर प्रश्न असा की ह्या रेटिंगवर विश्वास ठेवावा का. माझं आता असं मत झालंय की माणसांवर ठेवावा, मोजमापावर बराचसा ठेवावा, आणि नंबरावर जवळजवळ ठेवू नये.

माणसांवर का ते सांगतो. ही संस्था १९३६ पासून आहे, मुख्य ऑफिस न्यूयॉर्क राज्यात यॉन्कर्सला, आणि मासिकात जाहिरात घेत नाहीत. वस्तू कंपनीकडून फुकट मागवत नाहीत, आपल्यासारखं दुकानातून पैसे देऊन आणतात. हल्ली वेबसाइटवर दुकानांच्या लिंक असतात आणि त्यातून त्यांना कमिशन मिळतं, ते स्वतःच तसं लिहितात, म्हणून अगदी सोवळ्यात आहेत असं मी म्हणणार नाही. पण पैसे देऊन कोणी पहिला नंबर मिळवलाय असं मला वाटत नाही. माझी आई मुंबईत ग्राहक पंचायतीच्या संघात होती, दर महिन्याला यादी भरायची, सामान एका घरी उतरायचं आणि सगळ्या बायका मिळून वाटप करायच्या. पंचायतीची डाळ म्हटल्यावर ती निवडायला फार वेळ घालवायची नाही. पण निवडायची. मला तेच धोरण बरं वाटतं.

चुका होतातच. २००७ च्या जानेवारीत ह्याच मासिकाने तान्ह्या बाळांच्या कार सीटच्या चाचण्या छापल्या होत्या, बारा सीट घेतलेल्या आणि त्यातल्या बहुतेक नापास. आईबापांमध्ये घबराट. मग सरकारी यंत्रणेने तपासलं तर कळलं की बाजूने धडक बसायची जी चाचणी ताशी ३८ मैलांची म्हणून सांगितली होती ती प्रत्यक्षात ७० मैलांच्या धडकेसारखी झाली होती. मासिकाने तो अहवाल दोन आठवड्यांच्या आत मागे घेतला, जाहीरपणे. मला ह्यातून दोन्ही दिसतं. लबाडी कोणी केली नाही, आणि तरीही निकाल पूर्ण चुकला, कारण चाचणीची मांडणीच चुकली होती. मांडणी चुकली की प्रामाणिकपणा काय करणार.

आता वॅक्सची मांडणी बघा. जुना, ऑक्सिडाइझ झालेला रंग घेतला तर ज्या वॅक्समध्ये बारीक घासणारी पूड असते ते जास्त गुण मिळवणार, कारण ते वरचा मेलेला थर खरवडून काढतं. पण तुमची गाडी नवीन असेल तर तुम्हाला तो रकाना लागतच नाही. १९८० च्या दशकानंतरच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक क्लिअरकोट असतो, साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. उन्हापासून खरं संरक्षण त्या क्लिअरकोटमध्ये घातलेली रसायनं करतात. नवा क्लिअरकोट आधीच इतका चमकतो की वॅक्सने त्यात भर पडते ती डोळ्याला जेमतेम दिसेल एवढी. मग साफ करायचे गुण आणि चमक वाढवायचे गुण धरून जो एकूण आकडा येतो तो कोणाच्या गाडीचा? तुमच्या नाही, माझ्या नाही, अशाच कुठल्यातरी सरासरी गाडीची ती टोटल असते.

आणि हे आकडे असतात कसे, समजा पहिल्याला ७४ आणि चौथ्याला ७१. अकरावीच्या अ‍ॅडमिशनला ९१.४ वाला आत आणि ९१.२ वाला बाहेर, तसला प्रकार. त्या पोरांमध्ये जेवढा फरक असतो तेवढाच ह्या बाटल्यांत.

अजून एक गोष्ट मला खूप उशिरा लक्षात आली. ह्या मासिकावरचा आपला विश्वास आला कुठून? तर गाड्यांच्या रिलायबिलिटीवरून. ते ठिपके सभासदांच्या सर्व्हेतून येतात, लाखो गाड्यांचे मालक दरवर्षी लिहून देतात की काय बिघडलं. वॅक्सचं तसं नाही, तिथे काही बाटल्या, काही पत्रे आणि मोजणारी काही माणसं. ठिपका दोन्हीकडे सारखाच गोल असतो, म्हणून आपण गाडीवरचा भरवसा मेणाला लावून मोकळे होतो.

बाटलीवर ‘अग्रगण्य ग्राहक मासिकाने नंबर एक ठरवलेलं’ असं लिहिलेलं असतं ते तर वेगळंच प्रकरण. न्यू फिनिश नावाचं पॉलिश वर्षानुवर्षं तसं सांगत आलंय, मासिकाचं नाव न घेता. (कन्झ्युमर रिपोर्ट्स बरीच वर्षं आपलं नाव जाहिरातीत वापरू देत नसे.) कुठल्या वर्षी, कोणाकोणाशी तुलना करून, हे बाटलीवर मावत नाही. आणि नाव तेच राहिलं तरी आतली कृती कंपनी बदलू शकते, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा पहिला नंबर म्हणजे माझ्या दहावीच्या मार्कांसारखा, खरा असतो पण आता उपयोग काय.

हे सगळं डोक्यात घोळत असताना मी एका मे महिन्यात स्वतःच परीक्षा घ्यायची ठरवली. बॉनेट आधी भांड्याच्या साबणाने धुतलं म्हणजे जुनं वॅक्स निघून जाईल, मग रंगकामाची निळी चिकटपट्टी लावून चार भाग केले. एकात सगळ्यात स्वस्त वॅक्स, एकात मासिकाचा त्यावेळचा लाडका, एकात ब्राझीलच्या कार्नौबा पामच्या पानांचं मेण असलेला महागाचा डबा, आणि चौथा भाग कोरा. घरच्यांना आणि दोन शेजाऱ्यांना विचारलं, कुठला भाग कशाचा? कोणालाच नीट सांगता आलं नाही. एका शेजाऱ्याने तर कोऱ्या भागाकडे बोट दाखवून ‘हे महागाचं’ म्हणून सांगितलं, मी काही बोललो नाही.

पाण्याचे थेंब मात्र सुरुवातीला वेगळे दिसायचे, वॅक्सवाल्या भागांवर टपोरे आणि कोऱ्यावर पसरट. दर शनिवारी नळी घेऊन फोटो काढायचो. चौथ्या-पाचव्या आठवड्यापर्यंत तिन्ही भाग त्या कोऱ्या भागासारखे व्हायला लागले, महागाचा डबा सुद्धा. आणि गंमत म्हणजे हे मासिकाने आधीच लिहून ठेवलं होतं, की तपासलेल्या कुठल्याच वॅक्सने फार दिवस तग धरला नाही आणि पाच आठवड्यांच्या आत संरक्षण बरंच उतरलं. म्हणजे तक्त्याच्या वरच्या दोन ओळींच्या मजकुरात सगळ्यात कामाची गोष्ट होती आणि मी खाली नंबर बघत बसलो.

अर्थात माझी परीक्षा म्हणजे पोरखेळच होता. बॉनेटचा मधला भाग इंजिनामुळे तापतो, डावीकडे मेपलच्या झाडाचा चीक पडतो, महागाचं वॅक्स मी जपून लावलं आणि स्वस्तातलं भसाभस. टपोरे थेंब दिसले म्हणजे संरक्षण आहे असंही नाही, थोडं सिलिकॉन असलं तरी पाणी तसं उभं राहतं. हे सगळं सांभाळून, मोजून, एकसारखे पत्रे घेऊन करायचं म्हणजे काय कटकट आहे ते तेव्हा कळलं. त्या दिवसापासून मासिकवाल्यांच्या कामाबद्दल आदर वाढला, आणि मी पहिला नंबर बघायचं सोडलं.

डिटेलिंगवाली, म्हणजे गाडी तासन्‌तास घासूनपुसून चकचकीत करणारी हौशी मंडळी ह्या रेटिंगला हसतात. त्यांचं म्हणणं, हे लोक सुपरमार्केटमधला माल तपासतात, खरी चांगली वॅक्सं ह्यांच्या यादीत येतच नाहीत. अर्ध्याला मी सहमत. पण तीच मंडळी व्हिडिओत ज्याच्या आहारी गेलेली असतात त्या माणसाला ती बाटली बहुतेक वेळा फुकट आलेली असते, आणि चमक दिसते ती त्याने आधी चार तास मशीनने पॉलिश केल्यामुळे. वॅक्स शेवटी येऊन फोटोत उभं राहतं, लग्नात काम मावशी करतात आणि फोटोत काका असतात तसं.

आता मी रेटिंग बघतो ते खालून. ज्यांना ओरखडे किंवा प्लास्टिकच्या रकान्यात वाईट मिळालंय ती नावं काढून टाकतो, उरलेल्यांत जे सेलमध्ये असेल ते. सावलीत, मायक्रोफायबरने, वर्षातून तीनदा. मिठाचा सीझन सुरू व्हायच्या आधी एकदा नक्की. प्लास्टिकवर आधी निळी पट्टी.

फळीवरच्या सहा संपल्याशिवाय सातवं आणायचं नाही असं घरात कबूल केलंय. हिशोब केला तर तीन वर्षं तरी पुरेल. मधे मासिकाने नवीन तक्ता काढला तरी मी बघणार नाही. म्हणजे बघेन, पण लायब्ररीतच, फोन खिशात ठेवून.