लताकियाच्या आकाशात मित्रानेच पाडलेलं विमान

17 सप्टेंबर 2018 च्या रात्री सीरियाच्या किनाऱ्यालगत रशियाचं इल्युशिन-20 हे टेहळणी विमान समुद्रात कोसळलं. आतले पंधराही जण गेले. क्षेपणास्त्र सीरियाचं होतं. ज्या सरकारला टिकवण्यासाठी रशियाची विमानं 2015 पासून हमैमिम तळावर ठाण मांडून होती, त्याच सरकारचं. त्या रात्री लताकिया या बंदराच्या शहरावर बॉम्बहल्ला करून गेलेली चार एफ-16 लढाऊ विमानं मात्र इस्रायलची.

सीरियाने डागलं ते एस-200, साठच्या दशकातल्या बनावटीचं. यात जमिनीवरचं रडार लक्ष्यावर लहरींचा झोत धरून ठेवतं आणि लक्ष्यावरून परतणाऱ्या लहरींचा माग काढत क्षेपणास्त्र जातं. अंधारात एकाने टॉर्च धरावा आणि जे चमकेल त्यावर दुसऱ्याने झेप घ्यावी, तसं. चार पंख्यांचं, संथ, अवाढव्य इल्युशिन तेव्हा तळाकडे परतत होतं. रडारवर एफ-16 पेक्षा ते कितीतरी ठळक दिसणार. त्यात क्षेपणास्त्रातल्या स्फोटकाचं वजन 217 किलो, म्हणजे अगदी अचूक नेम लागायचीही गरज नाही.

मग आपलं विमान ओळखू कसं आलं नाही? ओळख पटते ती सांकेतिक प्रश्नोत्तरांनी: जमिनीवरून प्रश्न जातो, विमानातलं यंत्र आपोआप उत्तर देतं. पण दोन्हीकडे एकच संकेत हवा. रशियन विमानांची खात्रीशीर ओळख पटवणारी यंत्रणा सीरियाला देऊ, असं रशियाचे तेव्हाचे संरक्षणमंत्री शोइगू यांनी 24 सप्टेंबरला जाहीर केलं. तोवर ती नव्हती, हे त्यातच आलं. माझ्या मते खरी गोम इथेच आहे. संकेत सीरियाच्या हाती दिला आणि तो फुटला, तर रशियाची सगळीच विमानं उघडी पडतात. म्हणून तो राखून ठेवला.

रशिया आणि इस्रायल यांच्यात थेट फोन होता. रशियाने दिलेल्या वेळांनुसार इस्रायलचा निरोप 21:39 ला आला, तोही उत्तर सीरियातल्या लक्ष्यांचा. मिनिटभरात बॉम्ब पडले ते पश्चिमेला, लताकियावर. इल्युशिनला क्षेपणास्त्र लागलं 22:03 ला. इस्रायलच्या विमानांनी इल्युशिनचा आडोसा घेतला, हा रशियाचा आरोप इस्रायलने फेटाळला. आमची विमानं तोवर घरी परतली होती, असं त्यांचं म्हणणं. कुणाचंही खरं धरलं, तरी त्या फोनवर सीरियाचं हवाई संरक्षण दल नव्हतंच. अशी लाइन दोन हवाई दलांना एकमेकांपासून दूर ठेवते. तिसऱ्याच्या बोटाखालचं बटण तिला कसं थांबवता येणार?

पुतिन यांनी आधी याला दुर्दैवी योगायोगांची साखळी म्हटलं. इस्रायलचे हवाई दलप्रमुख नोर्किन नकाशे आणि तपशील घेऊन मॉस्कोला गेले, तरी रशियाने सीरियाला एस-300 ही अधिक आधुनिक विमानविरोधी यंत्रणा दिलीच. ती तैनात झाल्यावरही इस्रायलचे हल्ले थांबले नाहीत, आणि 2022 मध्ये युक्रेन युद्ध पेटलेलं असताना रशियाने एस-300 परत नेली.