चार बदल्या आणि हिशोबाची वही

परवा सोलापूरहून एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. त्याची पुण्याला बदली झालीय. "ताई, पुण्यात महिन्याला किती लागतील?" मी म्हटलं, थांब, वही काढते.

मी केंद्र सरकारच्या नोकरीत. नागपूर, सोलापूर, डोंबिवली आणि आता पुणे अशी चार बिऱ्हाडं झाली. चारही ठिकाणचा खर्च लिहून ठेवलाय. पण वर्षं वेगळी, पगार वेगळे, त्यामुळे रुपयांची तुलना फसवी होते. म्हणून मी पगाराचे दिवस मोजते. महिन्याच्या तीस दिवसांतले किती दिवस घरभाड्यासाठी काम केलं? सोलापूरला तीन, नागपूरला पाच, डोंबिवलीला सात, पुण्यात नऊ.

शहरांच्या सरकारी वर्गवारीत मुंबई आणि पुणे 'एक्स', नागपूर आणि सोलापूर 'वाय'. जानेवारी २०२४ पासून घरभाडे भत्ता मूळ पगाराच्या अनुक्रमे ३० आणि २० टक्के. म्हणजे नागपूर आणि सोलापूरला भत्ता सारखाच. पण खर्च सारखाच, असं माझी वही म्हणत नाही.

किराणा सगळीकडे जवळपास तेवढाच लागला. फरक पडला तो भलत्याच रकान्यांत.

सोलापूरला नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं. स्वयंपाकघरात दोन पिंपं, न्हाणीघरात एक, शिवाय गच्चीवर स्वतःच्या पैशाने बसवलेली टाकी. पाण्याच्या दिवशी नळ आधी फुसफुसायचा, मग गढूळ धार, ती निवळली की भरायला सुरुवात. तोवर कामावर जायची वेळ झालेली असायची. त्या वर्षी मी सहा अर्ध्या रजा फक्त पाण्यासाठी टाकल्या. भाडं कमी होतं, हे खरं. पण त्या रजा मला भाड्याच्याच रकान्यात लिहाव्याशा वाटतात.

नागपूरला वीज. महावितरणचा दर पुण्यात तोच, नागपुरात तोच. पण एप्रिलपासून कूलर रात्रभर चालला की मीटर ३०० युनिटांच्या पुढे जातो आणि पुढच्या प्रत्येक युनिटला चढा दर लागतो. उन्हाळ्याचे तीन महिने बिल दुप्पट, वर कूलरच्या ताट्या बदलायचा खर्च.

डोंबिवलीत लोकलचा पास हा वहीतला सगळ्यात लहान आकडा. पण सकाळी सव्वासातला निघून रात्री साडेआठला घरी. लेक पाळणाघरात उशिरापर्यंत राहायची, त्या जादा तासांचे पैसे पासाच्या कितीतरी पट. मुंबईत प्रवास स्वस्त आहे असं कुणी म्हटलं की मला पाळणाघराच्या दारात चपला घालून बसलेली ती आठवते.

पुण्यात घराचं भाडं घेतं तेवढं घेतंच. शिवाय अकरा महिन्यांनी नवा करार: वाढलेलं भाडं, मुद्रांक शुल्क, नोंदणी, कधी दलाली. आणि दोन दुचाकींचं पेट्रोल.

त्याला मी एवढंच सांगितलं: भाड्याचे नऊ दिवस धर, अनामत रकमेचे पैसे आताच बाजूला काढ. आणि घर बघायला जाशील तेव्हा सोसायटीत एप्रिल-मे महिन्यांची पाण्याच्या टँकरची बिलं दाखवा म्हण. तो म्हणाला, "म्हणजे पिंपं बरोबर आणू?" म्हटलं, एक आण.