वैवाहिक स्थितीचा रकाना

जी ओळ मी माझ्या सीव्हीतून खोडून टाकली होती, तिच्यावरच गेल्या मंगळवारी अमेरिकेतील आमच्या विद्यापीठाच्या करिअर केंद्रातील समुपदेशक बाईंनी पाऊण तास खर्च केला. अर्जासोबतच्या पत्रात मी दोन वर्षे एका संघटनेचे हिशेब सांभाळल्याचे लिहिले होते, पण संघटनेचे नाव कुठेच नव्हते. ती क्विअर, म्हणजे समलिंगी, ट्रान्सजेंडर वगैरे पदव्युत्तर विद्यार्थ्यांची संघटना होती आणि मी तिचा खजिनदार होतो. "नाव राहून गेले की काढले?" असे त्यांनी विचारले, आणि "काढले" म्हणताना माझा आवाज बसला. मी समलिंगी आहे हे आई-बाबांना गेल्या दिवाळीत सांगून झाले आहे. तरी नोकरीच्या कागदावर तो शब्द लिहायला हात धजावला नव्हता.

बाईंनी "ठेवा" म्हटले नाही, "काढा"ही म्हटले नाही. माझ्या यादीतील सहा जागा त्यांनी एकेक करून उघडल्या. भेदभाव न करण्याच्या धोरणात लैंगिक कल आणि लिंगओळख यांचा स्पष्ट उल्लेख आहे का, आरोग्यविम्यात लग्नाविना राहणारा जोडीदार बसतो का, जागा कोणत्या राज्यात आहे, कामासाठी कोणत्या देशांत जावे लागेल, हे सारे त्या माझ्याकडून शोधून घेत होत्या. भूजलाच्या एका प्रकल्पाचे क्षेत्रकाम सौदी अरेबियात होते. तिथे समलिंगी संबंध गुन्हा आहे, हे मला ठाऊक होते. पण ती जागा यादीत घेताना मी फक्त खडक आणि विहिरी यांचाच विचार केला होता. मग त्यांनी एकाच ओळीचे तीन मसुदे करायला लावले: पूर्ण नावासह, केवळ "पदव्युत्तर विद्यार्थी संघटना" असा, आणि ओळ नसलेला. कोणता कुठे पाठवायचा हे प्रत्येक वेळी मी ठरवायचे होते.

इथे कायदा आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातील नोकरीविषयक संरक्षण समलिंगी आणि ट्रान्सजेंडर कर्मचाऱ्यांनाही लागू होते, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ जून २०२० रोजी दिला. पण तो १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांपुरता आहे, आणि अर्ज वाचताच बाजूला ठेवला गेला तर कारण कोणी लेखी देत नाही, हेही बाईंनी सांगितले. त्यात मी परदेशी. पदवीनंतरच्या पहिल्या वर्षाच्या कामाच्या परवान्यावर एकूण ९० दिवसांहून अधिक काळ बेरोजगार राहता येत नाही. ज्याच्यामागे असे घड्याळ लागले आहे, त्याला "तुम्हाला स्वीकारील तिथेच जा" हा सल्ला पुरत नाही. माझ्या अमेरिकी मित्रांच्या हे सहजासहजी लक्षात येत नाही. बाईंच्या आले, म्हणूनच हा लेख.

आपल्याकडचा बायोडेटा आठवतो. नोकरीचा असो की स्थळाचा, वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि वैवाहिक स्थिती हे रकाने दोन्हीकडे. परभणीच्या कृषी विद्यापीठात एम.एस्सी. करताना माझ्या सरांनी माझा पहिला बायोडेटा चार वेळा लाल शाईने दुरुस्त केला होता, एक पैसा न घेता, रात्री घरी जेवायला बसवून. इथल्या कोणत्याही केंद्राने माझ्यासाठी तेवढे केलेले नाही, हे मी ठामपणे सांगतो. पण त्यानंतर एका बियाणे कंपनीच्या मुलाखतीत निम्मा वेळ "लग्न का केले नाही" यावर गेला, आणि "धाकट्या बहिणीचे व्हायचे आहे" असे खोटे उत्तर मी दिले, तेव्हा सरांकडे जाऊन "असे विचारले तर काय सांगायचे" हे मला विचारता आले नाही. सरांनी ऐकून घेतले असते, असे आज वाटते. त्या वेळी तशी खात्री नव्हती, आणि गप्प राहिल्याचा दोष मी स्वतःला देत नाही.

इथे कोणी भारताबद्दल कीव दाखवली की मात्र मला राग येतो. हार्वर्डमधून खगोलशास्त्रात डॉक्टरेट घेतलेल्या फ्रँक कामेनी यांना १९५७ मध्ये समलिंगी म्हणून सरकारी नोकरीतून काढणाऱ्या या देशाच्या सरकारने माफी मागितली ती २००९ मध्ये. टेक्ससमध्ये तर जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यामुळे सरकारी विद्यापीठांतील समलिंगी आणि ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांची केंद्रे बंद पडली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून आपल्याला मोकळे केले, आणि त्याच वर्षी आमच्या बीड जिल्ह्यातील एका महिला पोलीस शिपायाला लिंगबदल शस्त्रक्रियेनंतर पुरुष म्हणून पोलीस दलातच काम करण्याची परवानगी मिळाली. तरीही ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी २०१९ चा कायदा असला, तरी समलिंगी माणसाला खासगी नोकरीत संरक्षण देणारा स्पष्ट कायदा भारतात नाही, हे मला इथल्यांपुढे कबूल करावे लागते.

माझ्या प्रयोगशाळेतील एका मैत्रिणीचे दोन शोधनिबंध तिच्या जुन्या, पुरुषी नावाने छापलेले होते. ते सीव्हीत दाखवले तर ती ट्रान्सजेंडर असल्याचे उघड होणार. न दाखवावेत तर चार वर्षांचे काम पुसले जाणार. २०२१ मध्ये अमेरिकेतील १७ राष्ट्रीय प्रयोगशाळांनी अनेक प्रकाशकांसह जुन्या निबंधांवरील नाव बदलून देण्याची व्यवस्था मान्य केली, आणि तिच्या प्रकाशकानेही ते बदलून दिले. "एका नावासाठी एवढा खटाटोप?" असे प्रयोगशाळेत एकाने विचारले, तेव्हा मी त्याला नामांतराची हकीकत सांगितली. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात १९७८ मध्ये झाला, माणसे मारली गेली, वस्त्या जळाल्या, आणि नाव प्रत्यक्षात लागले १४ जानेवारी १९९४ रोजी. पाटीवरचे नाव माणसाला काय देते, हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मैत्रिणीने ते सारे ऐकले आणि १४ जानेवारी ही तारीख आपल्या वहीत लिहून घेतली.

सहापैकी चार ठिकाणी मी पूर्ण ओळ ठेवली, एके ठिकाणी मोघम ठेवली, आणि सौदीच्या प्रकल्पाचा अर्ज केला नाही.

रविवारी जिंतूरच्या एका विद्यार्थ्याने "दादा, जरा बघता का" म्हणून त्याचा सीव्ही पाठवला. त्यात वैवाहिक स्थितीचा रकाना होता. "इथे हे विचारत नाहीत, काढून टाक," असे मी लिहिले, आणि माझ्या खोडलेल्या ओळीची हकीकतही, त्याला काहीही न विचारता, कळवली. त्याने रात्री दुसरा मसुदा पाठवला आहे. आज संध्याकाळी आम्ही फोनवर त्याचे पत्र परिच्छेदागणिक वाचणार आहोत.